वाचकांचे प्रश्न: कोणाला कोणता प्रश्नसंच, हे ठरवायचं कोणी?

प्रश्न: मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. बचत गटातल्या महिला मोबाइलवरून पैशांचे व्यवहार कसे करतात, यावर माझं पीएच.डी.चं काम चालू आहे. ऑनलाइन प्रश्नावलीत ७२ प्रश्न झालेत: सुरुवातीचे १२ सगळ्यांसाठी सारखे, पुढे बचत-कर्ज, फोनचा वापर आणि प्रशिक्षण असे २०-२० प्रश्नांचे तीन संच. चाचणीत बऱ्याच जणींनी अर्ध्यावर सोडलं. मला ६०० उत्तरं हवी आहेत. तीन संचांच्या तीन लिंक करून तीन तालुक्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या तर चालेल का? माझे मार्गदर्शक म्हणतात, प्रत्येकीला सगळं विचारलं नाही तर माहिती अपुरी राहील.
– एक वाचक, बार्शी

उत्तर: संच वाटून द्यायचा विचार योग्य आहे. तालुक्याप्रमाणे वाटायचा विचार मात्र सोडून द्या. बचतीचे प्रश्न फक्त बार्शीत आणि फोनचे फक्त करमाळ्यात विचारलेत, तर फोन वापराबद्दल तुमच्या प्रबंधात जे काही येईल ते करमाळ्याचं येईल, आणि त्यात फोनचा भाग किती, तालुक्याचा किती हे नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरला वेगळं करता येणार नाही. ‘पहिल्या २०० जणींना पहिला संच’ हाही मार्ग नको. लिंक आल्या संध्याकाळीच उघडणाऱ्या बायका फोनला सरावलेल्या असतात. तुमचा विषयच फोन असल्यामुळे हा घोटाळा थेट निष्कर्षात उतरेल.

संच ठरवणारी चिठ्ठी यंत्राने काढावी, प्रत्येकीसाठी स्वतंत्र काढावी आणि एकदाच काढावी. तुम्ही, गटाच्या अध्यक्ष, गावातल्या सीआरपी ताई (बचत गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) किंवा स्वतः उत्तर देणारी बाई, यांपैकी कोणाचाही हात त्यात लागता कामा नये.

बहुतेक जण गूगल फॉर्मवर सुरुवात करतात, म्हणून आधी त्याचं सांगते. त्यातलं ‘शफल’ फक्त प्रश्नांचा क्रम बदलतं. प्रश्न सगळ्यांना सगळेच दिसतात. रँडम विभाग दाखवायची सोय त्यात नाही. मग काही जण युक्ती करतात: जन्ममहिना विचारायचा आणि उत्तरानुसार पुढच्या विभागाकडे पाठवायचं. जानेवारी ते एप्रिल पहिला संच, मे ते ऑगस्ट दुसरा, उरलेल्यांना तिसरा. पाठ्यपुस्तकात हे ठीक दिसतं. आपल्याकडे १ जून आडवा येतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत, आणि तीच तारीख दाखल्यावरून आधारपर्यंत चालत आलेली आहे. तुमच्या प्रतिसादकांत चाळिशी-पन्नाशीच्या ग्रामीण महिला भरपूर असणार. म्हणजे मधला संच फुगेल, आणि तो फुगवणाऱ्या महिला वयाने मोठ्या, शिक्षणाने कमी अशा असतील. संचांच्या आकड्यांत फरक पडला तर सांभाळता येतं. संचांतल्या माणसांत फरक पडला तर वाटप करण्याचा हेतूच गेला. मोबाइल नंबरचा शेवटचा आकडाही विचारू नका. पैशांबद्दलच्या प्रश्नावलीत नंबराची चौकशी आली की बाई तिथेच थांबते, आणि थांबावंच.

तुमच्यासाठी लाइमसर्व्हे किंवा कोबो टूलबॉक्स ही ऑनलाइन प्रश्नावली तयार करायची साधनं बरी पडतील. लाइमसर्व्हेत ‘इक्वेशन’ प्रकारचा एक प्रश्न घ्या, तो सगळ्यांना सारख्या असलेल्या पहिल्या भागात ठेवा आणि लपवा. त्यात ‘रँड’ फंक्शनने १ ते ३ मधला आकडा काढायचा. प्रत्येक संचाला अट लावायची: आकडा अमुक असेल तरच हा संच दाखव. इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. ‘रँडमायझेशन ग्रुप’ नावाची एक सेटिंग दिसते, तीच आपल्याला हवी आहे असं वाटतं. पण ती संचांचा फक्त क्रम बदलते, एकही संच वगळत नाही. दुसरी अडचण जास्त त्रासाची. नुसतं ‘रँड’ लिहिलं तर बाई मागच्या पानावर गेली की आकडा पुन्हा निघू शकतो आणि निम्मे प्रश्न झाल्यावर संचच बदलतो. म्हणून सूत्र असं लिहा, की आकडा आधीचा नसेल तरच नवा काढ, असेल तर तोच राहू दे. कोबोत हेच काम ‘कॅल्क्युलेट’च्या ओळीत ‘रँडम’भोवती ‘वन्स’ लावून होतं. लाइमसर्व्हेत सर्वेक्षण चालू केल्यावर प्रश्न किंवा संच वाढवता येत नाहीत, तेव्हा घरातल्या-शेजारच्या साध्या फोनवर आधी उघडून, मागे-पुढे जाऊन, नेट बंद-चालू करून पाहा.

आता खरा विचार करायचा मुद्दा. प्रत्येकीला एकच संच दिलात तर ३२ प्रश्न होतील आणि बायका शेवटपर्यंत पोचतील. पण मग फोन वापर आणि कर्जफेड यांचा संबंध तुम्ही कशावरून दाखवणार? दोन्ही संचांची उत्तरं दिलेली एकही बाई तुमच्याकडे नसेल. तुमच्या प्रबंधाचा गाभा तर तोच दिसतो. म्हणून प्रत्येकीला दोन संच द्या: कोणाला बचत आणि फोन, कोणाला फोन आणि प्रशिक्षण, कोणाला बचत आणि प्रशिक्षण. चिठ्ठीतला आकडा मग जोडीचा समजायचा, आणि प्रत्येक संच तीनपैकी दोन आकड्यांना दाखवायचा. ६०० जणींत प्रत्येक संच साधारण ४०० जणींना जाईल आणि प्रत्येक जोडी साधारण २०० जणींकडून मिळेल. अमेरिकेतलं जनरल सोशल सर्व्हे १९८८ पासून याच रीतीने चालतं; तिथले बरेच प्रश्न दर खेपेला दोन तृतीयांश लोकांनाच विचारले जातात.

दोन संच म्हणजे ५२ प्रश्न. फोनवर अजूनही जास्तच. इथे कात्री लावा. महिन्याची बचत, घेतलेलं कर्ज, भरलेला हप्ता हे गटाच्या नोंदवहीत दर बैठकीला लिहिलं जातं. गटाच्या आणि त्या त्या बाईच्या परवानगीने ते तिथून घ्या, तिला आठवायला लावू नका. संच १५-१५ वर आले तर एकीला ४२ प्रश्न पडतील. दिवसभर रानात राबून आलेली बाई मुलाचा फोन मागून घेते आणि स्वयंपाकाआधी तुमचे प्रश्न वाचते, तेव्हा कमी झालेल्या प्रत्येक प्रश्नाचं मोल मला फार वाटतं.

फोन घरात एकच असतो, यावरून आठवलं. ‘एका फोनवरून एकदाच’ असं कुकीचं बंधन घालू नका. सासू आणि सून दोघी सभासद असतील तर दुसरीला प्रश्नावली उघडणारच नाही.

मार्गदर्शकांना सांगा की आपल्याच देशात मोठी सरकारी सर्वेक्षणं असंच करतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत कौटुंबिक हिंसेचे प्रश्न साधारण १५ टक्के घरांच्या उपनमुन्यातच विचारले होते. आपण आखून रिकामी ठेवलेली जागा आणि बाईने टाळलेलं उत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डाउनलोड केलेल्या तक्त्यात मात्र दोन्ही रिकाम्याच दिसतात, म्हणून चिठ्ठीचा तो आकडा रकान्यात जपून ठेवा आणि दोघांना वेगळे संकेतांक द्या. रिकाम्या जागी सरासरी भरू नका. किंमत अचूकतेत मोजावी लागते: ६०० उत्तरांवर टक्केवारीत अधिक-उणे ४ ची चूक धरतात, ४०० वर ५ आणि २०० वर ७. तीही नमुना रँडम असेल तर. व्हॉट्सॲपवरून आलेला नमुना तसा नाही. संच रँडम वाटले म्हणून तो जिल्ह्याचा प्रातिनिधिक होत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहा.

तीन जोड्यांत नेमक्या २००-२०० येणार नाहीत. १८५ आणि २१४ दिसलं तरी घाबरू नका, चिठ्ठीत इतकं होतंच. मात्र एका जोडीत अर्ध्यावर सोडणाऱ्या बायका बाकीच्यांपेक्षा बऱ्याच जास्त असतील तर तिथे थांबून शोध घ्या. बहुधा कर्ज थकल्याबद्दलचा एखादा प्रश्न बोचत असतो. सोडून गेलेल्यांच्या जागी हाताने नवीन नावं भरू नका, त्या ज्या जोडीत पडल्या तिथेच मोजा.

आणखी एक. बैठकीत चार जणी शेजारी बसून फोन उघडतील आणि ‘माझ्याकडे हे कसं नाही आलं?’ असं एकमेकींना विचारतील. कोणाला वाटेल, कर्जवाल्यांनाच वेगळं विचारतायत. पहिल्याच पानावर लिहा: ‘प्रत्येकीला वेगवेगळे प्रश्न येतील. कोणाला कोणते, हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. तुमच्या गटाशी किंवा कर्जाशी त्याचा संबंध नाही.’ आणि तेच सीआरपी ताईंनाही तोंडी सांगा.

प्रश्न: आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ऑनलाइन पाहणीत ‘तुम्हाला काय वाचायला आवडतं?’ या प्रश्नाखाली नऊ पर्याय आहेत. पर्यायांचा क्रमही प्रत्येकाला वेगळा दाखवावा का?
– एक ग्रंथपाल, नाशिक

उत्तर: हो. पडद्यावर वाचताना वरचे पर्याय जास्त निवडले जातात. कादंबरी कायम वर आणि चरित्र कायम तळाशी राहिलं तर चरित्रावर अन्याय होईल, आणि पुढच्या वर्षीची पुस्तकखरेदी त्यावर ठरणार असेल तर तो अन्याय कपाटापर्यंत जाईल. पण ‘रोज, आठवड्यातून एकदा, महिन्यातून एकदा’ अशी चढती-उतरती उत्तरं हलवू नका, वाचणारा गोंधळतो. ‘इतर’ आणि ‘यापैकी काहीच नाही’ हे दोन पर्याय नेहमी शेवटी हवेत. तुमच्या फॉर्ममध्ये त्यांना तळाशी अडकवून ठेवता येत नसेल, तर ‘यापैकी काहीच नाही’ काढून टाका आणि प्रश्न सक्तीचा ठेवू नका.