पिवळ्या मार्करची ओळ

"माझ्या रिपोर्टात म्यूटेशन आलंय, जनुकातला बदल. म्हणजे हे मी हिला दिलं का?"

ताई अजून खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या. वय ५८, अंडाशयाचा कर्करोग, ऑपरेशन होऊन केमो सुरू झालेली. शेजारी ३१ वर्षांची लेक, मांडीवर फाइल. फाइलमधल्या एका ओळीवर पिवळा मार्कर फिरवलेला: 'पी-५३ : म्यूटंट पॅटर्न'. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) जनुकीय समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय, की फाइलवर पिवळा रंग दिसला की ओळ कुठली असेल ते कळतं.

लेकीने बरंच वाचलं होतं. "मॅडम, एकीकडे म्हणतात हे प्रथिन कर्करोग रोखतं, दुसरीकडे म्हणतात पसरवतं. खरं काय?"

दोन्ही खरं. संशोधकांचीही फसगत झालीच होती. १९७९ साली पी-५३ सापडलं, आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं ते कर्करोगाला चिथावणारंच मानलं गेलं, कारण प्रयोगांत वापरलेले बरेच नमुने बिघडलेल्या पी-५३चे निघाले. धड पी-५३ रखवालदार असतं. पेशीतल्या डीएनएला इजा झाली की ते विभाजन थांबवतं, दुरुस्तीला सवड देतं, आणि दुरुस्ती जमत नसेल तर पेशीला मरायला लावतं. ते बिघडलं की चुका साठत जातात. काही बिघाडांत तर रखवालदार नुसता झोपत नाही, फितूर होतो. पेशींना जागा सोडून शेजारच्या भागात घुसायला मदत करतो.

ताईंनी मात्र भलताच नेमका प्रश्न काढला. "पण माझ्यात ते भरपूर दिसलं म्हणे. रखवालदार भरपूर, तर चांगलंच ना?"

नाही. निरोगी पी-५३ तयार होतं तसं लगेच मोडीतही निघतं, म्हणून गाठीच्या तुकड्यावर रंग चढवून केलेल्या तपासणीत त्याचा रंग तुरळक दिसतो. बिघडलेलं बहुधा मोडलं जात नाही, साचून राहतं आणि गाठीतल्या पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. (कधी उलट होतं, ते अजिबात दिसत नाही. तोही बिघाडच.) शिवाय ताईंच्या प्रकारात, म्हणजे अंडाशयाच्या हाय-ग्रेड सीरस या झपाट्याने वाढणाऱ्या कर्करोगात, हा बिघाड जवळजवळ प्रत्येक गाठीत असतो. पॅथॉलॉजिस्टला निदान पक्कं करायला त्याची मदत होते. आजार किती पसरलाय, हे त्या ओळीवरून कळत नाही. ते ऑपरेशन आणि स्कॅन सांगतात.

"हा बदल गाठीतला आहे, ताई. तो तुमच्या आयुष्यात कधीतरी, त्या पेशींमध्ये झाला. लेकीकडे तो जात नाही."

लेकीचे खांदे सैल झाले. इथेच थांबावं असा मोह मला दरवेळी होतो. पण काही थोड्या घराण्यांत पी-५३च्या जनुकातला बदल जन्मापासूनच असतो. त्याला ली-फ्रॉमेनी सिंड्रोम म्हणतात, आणि तिथे मुलांना, तरुणांना वेगवेगळे कर्करोग झालेले दिसतात. म्हणून वंशावळ काढायला घेतली. ताईंच्या आईकडे काहीच नाही. "आणि तुमच्या वडिलांकडे?"

"वडिलांकडचं कशाला?"

हे नेहमीचंच. स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग वडिलांकडून कसा येईल, असं लोकांना वाटतं. येऊ शकतो, सदोष जनुक पुरुषही पुढे देतात. थोडं आठवून ताई म्हणाल्या, आत्या ४२व्या वर्षी गेली, स्तनाच्या कर्करोगाने.

म्हणजे भीती चुकीच्या शब्दाची होती. पी-५३ नव्हे, बीआरसीए : ज्यांतला दोष घराण्यात उतरतो आणि स्तनाच्या, अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका वाढवतो, ती जनुकं. अंडाशयाच्या या कर्करोगात आत्या असो वा नसो, बीआरसीएची तपासणी सुचवतातच. मी तेही सांगितलं आणि रक्त दिल्यावर उत्तर काय काय येऊ शकतं, तेही.

महिन्याभराने रिपोर्ट आला. रक्तात, म्हणजे जन्मजात जनुकांत, पी-५३ ठीक, बीआरसीए-१ मध्ये दोष. ताईंच्या डॉक्टरांना त्यामुळे पार्प इन्हिबिटर, म्हणजे असा दोष असलेल्या कर्करोगावर विशेष चालणाऱ्या गोळ्यांचा विचार करता येणार होता. लेकीला तो दोष मिळाला असण्याची शक्यता निम्मी. तो निघाला तर स्तनांची एमआरआय, आणि पुढे ठरावीक वयात अंडाशय व बीजवाहिन्या काढण्याचा पर्याय, हे सगळं बोललो. तिने तपासणीची तारीख विचारली.

ताई फाइलकडे बघत होत्या. "आत्याच्या दोन मुली आहेत," त्या म्हणाल्या. "त्यांना कोणी सांगितलं नसेल. तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्याल? मला फोनवर हे सगळं नीट सांगता येणार नाही."