कुत्र्याचा विमा काढू का?

पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३८, आयटीत नोकरी, हातात येतात महिना १ लाख ३५ हजार. पत्नी शाळेत शिक्षिका, पगार २८ हजार. मुलगी नऊ वर्षांची आणि तिला बीगल हवाय. सोसायटीतले एक काका ओळखीने मादी पिल्लू ३५ हजारांत मिळवून देतायत. 'शांत जात, खर्च कमी, आणि दोन वर्षांनी पिल्लं झाली की तीच आपला खर्च काढेल,' असं काका म्हणतात. प्रश्न दोन: हे परवडेल का, आणि कुत्र्याचा विमा काढावा का?

आधी कुत्र्याचं बोलू. बीगल मुलांबरोबर छान रमतो, चावरा नसतो, दहा-बारा किलोचा असल्याने फ्लॅटमध्ये मावतो. पण 'शांत' हे काकांना कोणी सांगितलं? इंग्लंडमध्ये ही जात सशांच्या शिकारीसाठी तयार झाली. कळपाने पळायचं, नाक जमिनीला लावून माग काढायचा आणि मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्याला ऐकू जावं म्हणून लांब हेल काढून ओरडायचं, हेच त्याचं काम. तुमचं घर सकाळी आठ ते दुपारी अडीच रिकामं असतं. कळपातला प्राणी एकटा पडला की तोच हेल काढतो आणि तो शेजारच्या विंगेपर्यंत जातो. वास लागला की हाक ऐकू येत नाही, त्यामुळे रस्त्यावर पट्टा सोडायचा नाही.

आणि खादाडपणा. अमेरिकेत १९८४ पासून विमानतळावर सामानातले खाद्यपदार्थ हुडकायला बीगल ठेवतात, ते काही उगाच नाही. माझ्या बहिणीच्या बीगलने दिवाळीत खुर्चीवरून ओट्यावर चढून रव्याच्या लाडवांचा डबा पाडला आणि अकरा लाडू फस्त केले. लाडवांत बेदाणे होते. बेदाणे, मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात, हे तिला रात्री अकरा वाजता डॉक्टरांकडून कळलं. दोन दिवस सलाईन, बिल १८ हजार. कुत्रा वाचला आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा ओट्याकडे बघत बसला.

आता आकडे. पहिल्या वर्षी पिल्लू ३५ हजार. लशी, नसबंदी, पिंजरा, पट्टा वगैरे धरून आणखी ३० हजार. पुढे दरमहा खाणं ३ हजार, फिरवणारा मुलगा ४ हजार, डॉक्टर आणि गोचिडांची औषधं दीड हजार, तुम्ही गावाला गेल्यावर बोर्डिंगचे सरासरी हजार-दीड हजार. म्हणजे १० हजार धरा, वर्षाचे १ लाख २० हजार. बीगल बारा ते पंधरा वर्षं जगतो. तेरा वर्षांचे साडेपंधरा लाख, महागाई धरली तर बावीस-तेवीस. ३५ हजार ही किंमत नाही, तो नुसता विसार आहे.

पिल्लं विकून खर्च काढण्याचं डोक्यातून काढून टाका. पाच-सहा पिल्लं गुणिले २५ हजार एवढाच हिशोब काकांनी केलाय. सोनोग्राफी, वेळ आली तर सिझेरियन, पिल्लांचं दोन महिन्यांचं खाणं, लशी आणि तुमच्या रजा त्यांच्या कागदावर नाहीत. शिवाय २०१७ च्या नियमांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. काका तुम्हाला चाळीस दिवसांचं देतायत.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय, 'काकांकडूनच घेतलेली एक पॉलिसी आहे, वर्षाला १ लाख २० हजार हप्ता, तीन भरले, एकूण बारा भरायचे, विसाव्या वर्षी पैसे दुप्पट. विमा १२ लाखांचा, शिवाय करबचत.' त्याच्या वरच्याच ओळीत गृहकर्ज ४६ लाख.

अहो, तुम्ही कुत्र्याच्या विम्याचं काय विचारताय! उद्या तुम्हाला काही झालं तर घरात १२ लाख येणार आणि बँक ४६ मागणार. उरलेले ३४ लाख २८ हजारांच्या पगारातून कोण फेडणार?

ते 'दुप्पट'ही बघू. १४ लाख ४० हजार भराल, २८ लाख ८० हजार मिळतील. हप्ते बारा वर्षांत विभागलेले, म्हणजे तुमचा एकेक रुपया सरासरी साडेचौदा वर्षं अडकतो. दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागलं की साधारण व्याजदर निघतो. ७२ भागिले साडेचौदा, पाच टक्क्यांच्या आसपास. पीपीएफ ७.१ टक्के देतंय. आणि करबचत? तुम्ही नवी करप्रणाली घेतलीय, तिच्यात ८० सी ची, म्हणजे विम्याच्या हप्त्यावरची, वजावट मिळतच नाही. विमा म्हणून अपुरी, गुंतवणूक म्हणून लंगडी. अशी पॉलिसी विकणाऱ्याला मी सल्लागार म्हणत नाही.

तेव्हा क्रम असा लावा. या महिन्यात एक कोटीचा साधा टर्म प्लॅन, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा, साठाव्या वर्षापर्यंत. तंबाखू नसेल तर १५ ते २० हजार वर्षाला, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही. अर्जात आजारपण लपवू नका. ती पॉलिसी हातात आल्यावरच जुनीकडे वळा, आधी नाही. कंपनीकडून सरेंडर केल्यास (पॉलिसी मोडून आत्ताच पैसे घेतल्यास) किती आणि पेड-अप केल्यास (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवल्यास) किती, हे दोन्ही आकडे लेखी मागा, काकांच्या तोंडून नकोत. भरलेल्या ३ लाख ६० हजारांत तोटा दिसेल, त्याकडे बघून उरलेले नऊ हप्ते भरत बसू नका. जे परत येईल ते बँकेत ठेवा. बचत खात्यात तुमचे फक्त ९० हजार आहेत, घरखर्च आणि ईएमआय मिळून महिन्याला लाखाच्या बरेच वर जातात, आणि त्यातूनच तुम्ही पिल्लू आणणार होतात.

आज सगळं भागवून महिन्याला १५ हजार उरतात म्हणता. हप्त्याचे १० सुटले, टर्मचे दीड-पावणेदोन गेले, की २३ उरतील. कुत्र्याला १०, आणीबाणीच्या फंडाला १३. हो, मग परवडेल. वर्षभर थांबा आणि नोंदणीकृत पैदासकाराकडून आठ आठवडे झालेलं पिल्लू घ्या. तोवर मुलीला रोज सकाळी सहाला ओळखीच्या कुणाचा कुत्रा फिरवायला लावा, तिची हौस किती टिकते तेही कळेल. कुत्र्याच्या विम्याऐवजी हजार रुपयांची आरडी सुरू करा.

आणि ओट्याखालचा कचऱ्याचा डबा पायाने उघडणारा असेल तर बदला. वर खटका असलेला घ्या.