"माझीच काहीतरी चूक झाली असणार"

कॅन्सरमुळे स्तन काढून त्याजागी इम्प्लांट (सिलिकॉनचा कृत्रिम स्तन) बसवलेल्या बायकांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आज लिहितेच. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

ताईंचं वय बावन्न. आठ महिन्यांनी इम्प्लांट कडक झालं, दुखायला लागलं, डॉक्टर म्हणाले जिवाणूंचा थर आहे. ताईंनी ऐकलं फक्त 'घाण'. सासूबाईंनी "ऑपरेशननंतर पाचव्या दिवशीच केस धुतलेस ना" म्हणून भर घातली. माझ्यासमोर बसल्या तेव्हा हाताला डेटॉलचा वास, बोटांच्या पेरांना चिरा, आणि नातीला दोन महिने कडेवर घेतलं नव्हतं.

मी विचारलं, "घरी पाण्याचं पिंप आहे?"
"आहे की."
"आतून बुळबुळीत होतं?"
"होतंच. चार दिवसांत."
"घासत नाही का?"
"घासते हो! पाणीपण नळाचं, स्वच्छ."

आणि गप्प झाल्या. बराच वेळ. मग हळूच, "म्हणजे घासलं तरी येतो तो थर..."

मी मधे काहीच बोलले नाही, ते वाक्य त्यांचं त्यांनाच सापडायला हवं होतं. मग सांगितलं, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस नावाचा जिवाणू प्रत्येकाच्या कातडीवर असतो, दुधाच्या नलिकांतही सापडतो, तो सिलिकॉनला चिकटला की स्वतःभोवती थर करतो, अँटिबायोटिक गोळ्या तिथे नीट पोचत नाहीत, आणि शरीर इम्प्लांटभोवती जे पातळ आवरण करतंच ते जाड होऊन आवळायला लागतं. रेडिएशन झालेलं असेल तर हा धोका आणखी वाढतो, आणि ताईंचं झालं होतं.

माझं ठाम मत आहे की दुखण्यापेक्षा दुखण्याबद्दल आपण स्वतःला जे ऐकवतो ते जास्त छळतं. पण ताईंमुळे मला एक नवीन कळलं, बाई दोष सोडत नाही कारण दोष माझा असेल तर पुढच्या वेळी टाळणंही माझ्याच हातात, असा तिला आधार वाटतो. तो आधार काढून घेताना हातात दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

म्हणून हे लक्षात ठेवा. लाली, गरमपणा, ताप, जखमेतून पाणी आलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन. कुठलं इम्प्लांट बसवलंय ते लिहिलेलं कार्ड जपून ठेवा. इम्प्लांट खरखरीत पृष्ठभागाचं आहे का विचारून घ्या, कारण त्याच्याशी जोडलेला एक दुर्मिळ लिम्फोमा (एक प्रकारचा कॅन्सर) आहे, 2019 मध्ये अशी काही इम्प्लांट्स बाजारातून परतही घेतली गेली. काही वर्षांनी एका बाजूला अचानक सूज आली तर अंगावर काढू नका.

परवा ताई वही घेऊन आल्या, सर्जनला विचारायचे प्रश्न लिहिले होते. पहिलाच प्रश्न, हे काढल्यावर दुसरं बसवायलाच हवं का, की तशीच राहिले तर चालेल?