जायचं एकटीनं, उडायचं दोघांनी

वाचकांचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या रजा मंजूर व्हायला लागल्या की बीर-बिलिंगची पत्रं सुरू होतात. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यातली ही जोडजागा. उडायचं वरच्या बिलिंगहून, उतरायचं खालच्या बीरला. या वेळची बहुतेक पत्रं पहिल्यांदाच एकट्यानं निघालेल्यांची आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी २७ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. एकटी कुठेच गेलेले नाही. ऑक्टोबरअखेर चार दिवसांची रजा आहे. बीरला जाऊन पॅराग्लायडिंग करून येता येईल का? (एक वाचक, पुणे)

पुणे ते पुणे चार दिवस म्हणत असाल तर नका जाऊ. पहिल्या दिवशी दिल्ली आणि रात्रीची बस, शेवटचा दिवस दिल्लीहून घरी. मधले दोन दिवस, त्यातला एक बसच्या जागरणानं अर्धा गेलेला. उरलेल्या एका दिवशी ढग आले की संपलं. रजेला मागचापुढचा शनिवार-रविवार जोडा. बीरमध्ये तीन मुक्काम हवेत. पोहोचल्याच्या दिवशी आराम, दुसऱ्या सकाळी उड्डाण, तिसरा दिवस राखीव. उड्डाण शेवटच्या दिवसावर टाकणं ही पहिल्यांदा जाणाऱ्यांची नेहमीची चूक. हवा बिघडली तरी ‘आता नाही तर कधीच नाही’ म्हणून माणूस नको तेव्हा वर जातो.

महिना चांगला निवडलात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते जून हे उडायचे दिवस. १५ जुलै ते १५ सप्टेंबर पावसामुळे उड्डाणं सरकारी आदेशानं बंद असतात. त्या काळात कुणी ‘सोय करतो’ म्हणालं तर फोन ठेवा.

विमानानं दिल्लीला जाणार असाल तर दुपारी तीनच्या आत उतरा. बीरच्या बस संध्याकाळी कश्मीरी गेट आणि मजनू का टीला या भागांतून सुटतात. विमानतळावरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोनं नवी दिल्ली आणि तिथून यलो लाइननं कश्मीरी गेट, असं गेलात तर टॅक्सीवाल्यांशी हुज्जत नाही. बस अकरा-बारा तास घेते. थेट बीरची मिळाली तर उत्तम. नाहीतर बैजनाथला उतरा किंवा कंडक्टरला ‘बीर रोड’ फाट्यावर उतरवायला सांगून ठेवा. तिथून टॅक्सी मिळते. फाट्यावर पोहोचायची वेळ पहाटे पाचच्या आधीची असेल तर बैजनाथच बरं. तिथं बसस्टँड आहे, माणसं असतात.

रेल्वेनं जायचं तर झेलम एक्सप्रेस पुण्याहून पठाणकोट कँटला नेते. पुढे रस्त्यानं सुमारे १४० किलोमीटर, म्हणजे चार-पाच तास. पठाणकोट-जोगिंदरनगर ही छोटी नॅरोगेज गाडी फोटोत मोहात पाडते, पण ऑगस्ट २०२२ च्या पुरात चक्की नदीवरचा तिचा पूल कोसळला होता, आणि एरवीही पावसाळ्यात दरडी येऊन ती अडते. वेळापत्रक तिच्या भरवशावर आखू नका.

ऑनलाइन एकाच उड्डाणाचे पाच वेगळे भाव दिसतात. पायलट चांगला आहे हे आमच्यासारख्या नवख्याला कळणार कसं? (एक वाचक, नाशिक)

भावावरून कळत नाही. स्वस्तात बरेचदा वेबसाइटवाला मधला माणूस असतो, आणि तुम्हाला कुणाच्या पुढ्यात बांधणार हे त्यालाही सकाळपर्यंत ठाऊक नसतं. आगाऊ पूर्ण पैसे भरू नका. बीरला पोहोचा, तिथल्या चौगान भागातल्या लँडिंगच्या मैदानावर तासभर बसा आणि लोक कसे उतरतात ते पाहा. मग दुकानात जाऊन तीन गोष्टी विचारा. मला नेणारा पायलट कोण? पर्यटन विभागाचा टँडम, म्हणजे दोघांनी मिळून उडायचा, परवाना दाखवाल का? (त्यावरचा फोटो आणि माणूस जुळतो का ते बघा.) हवा बिघडली तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी उड्डाण? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन आणि सरळ आलं, तर समजा दुकान बरं आहे.

खरी तपासणी वर, बिलिंगला. जीप १४ किलोमीटर चढून पाऊण तासात पोहोचवते. तिथं गर्दी असते, घाई असते, गाणी लावलेली असतात. त्या घाईत स्वतःचे पट्टे स्वतः मोजायचे. दोन मांड्यांचे दोन, छातीचा एक, हेल्मेटचा एक. मग खांद्यांजवळ, उजवीकडे आणि डावीकडे, तुमचं हार्नेस (अंगावरचा पट्ट्यांचा साज) ग्लायडरला जोडणारे दोन कॅराबिनर, म्हणजे धातूच्या कड्या. त्यांची कडी बंद होऊन लॉक झालेली असायला हवी. बोटानं दाबून बघा, उघडली नाही पाहिजे. यात सगळ्यांत महत्त्वाचे मांडीचे पट्टे. ते राहिले तर जमिनीवर काहीच जाणवत नाही, कारण उभ्या माणसाला छातीचा पट्टाही घट्ट वाटतो. पाय सुटल्यावर मात्र माणूस हार्नेसमधून खाली घसरतो. म्हणून पायलटनं ‘हो गया’ म्हटलं तरी एकदा दोन्ही हात मांड्यांवर फिरवा. रिझर्व्ह पॅराशूट कुठे आहे हेही विचारा. बहुतेकदा त्याचं हँडल पायलटच्या हाताशी असतं. ते तुम्ही ओढायचं नाही आणि आधाराला म्हणून धरायचंही नाही.

आता धावणं. तुम्ही पुढे, पायलट मागे. तो ‘चलो’ म्हणाला की चालायचं आणि लगेच धावायचं. दोन-तीन पावलांत छत्री, म्हणजे ग्लायडरचं कापड, वर उठते आणि मागून कुणीतरी पदर धरून ओढावा तसा हिसका बसतो. नवखी माणसं नेमकी इथेच थांबतात किंवा खुर्ची आली समजून बसतात. मग दोघांचं वजन पायलटच्या पायांवर, छत्री एकतर मागे पडते नाहीतर डोक्यावरून पुढे झेपावते, आणि दोघंही उतारावर आपटतात. घोटे मुरगळतात ते असे. हिसक्याला न जुमानता पुढे झुकून धावत राहा. पाय अधांतरी झाले तरी पायलट ‘बैठ जाओ’ म्हणेपर्यंत धावायचं. एकच अपवाद: तो ‘रुको’ म्हणाला की जागच्या जागी थांबा. छत्री नीट भरलेली नाही, असा त्याचा अर्थ.

बूट घोट्यापर्यंतचे आणि घट्ट हवेत, पण नाडीला उघडे हुक असलेले ट्रेकिंगचे बूट नकोत, ग्लायडरच्या दोऱ्या त्यांत अडकतात. तेच घालायचे तर हुकांवर चिकटपट्टी लावा. ओढणी, स्कार्फ जॅकेटच्या आत. चष्म्याला मागून दोरी. मोबाइल चेनच्या खिशात, हातात नाही. व्हिडिओ पायलटच्या कॅमेऱ्यावर होतो. त्याचे वेगळे पैसे पडतात का, ते खालीच ठरवून घ्या.

माझं वजन ९४ किलो. चालेल? (एक वाचक, सोलापूर)

बहुधा चालेल, पण सांगताना ९४ च सांगा, ८५ नको. बऱ्याच टँडम ग्लायडरची एकूण मर्यादा २०० ते २२० किलोच्या आसपास असते. त्यात तुम्ही ९४, पायलट समजा ७२, छत्री-हार्नेस-पॅराशूट मिळून २० ते २५. बेरीज १९० च्या घरात. ग्लायडर उचलेल, प्रश्न पायांचा आहे. बिलिंगला, सुमारे २,४०० मीटरवर, हवा विरळ असते, त्यामुळे तिथं समुद्रसपाटीपेक्षा दहा-बारा टक्के जास्त वेगानं धावावं लागतं. समोरून वारा नसेल तर आणखी. गुडघे दुखत असतील तर वारा थोडा सुरू झाल्यानंतरची, दहा-साडेदहाच्या सुमाराची वेळ मागा आणि वजन पेलणारा धिप्पाड पायलट मागा. स्लिप डिस्क, फिट्स, हृदयविकार, नुकतं झालेलं ऑपरेशन, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर जाऊ नये.

उलट बाजूही सांगून ठेवतो. ४५ किलोच्या मुलींना ‘हलकी आहेस, मजा येईल’ म्हणतात. पण टँडमला किमान वजनाचीही मर्यादा असते. कमी वजनाखाली छत्री सैल राहते आणि दुपारच्या जोरकस हवेत जास्त हेलकावते. हलक्यांनी सकाळीच उडावं.

अर्ध्या तासाचे पैसे घेऊन आम्हाला १३ मिनिटांत खाली आणलं. फसवलं का? (एक वाचक, ठाणे)

तुम्ही सकाळी आठच्या आसपास उडाला असणार. हिशेब असा. बिलिंग सुमारे २,४०० मीटर, बीरचं मैदान सुमारे १,५०० मीटर. फरक ९००. हवा शांत असेल तर टँडम ग्लायडर सेकंदाला साधारण सव्वा मीटर खाली येतो. ९०० भागिले सव्वा म्हणजे ७२० सेकंद, बारा मिनिटं. तुम्हाला एक मिनिट जास्तच मिळालं!

अर्धा तास राहायला वर नेणारी गरम हवा लागते, पायलट तिला थर्मल म्हणतात. धौलाधारचे दक्षिणेकडचे उतार उन्हानं तापायला दहा-अकरा वाजतात. मग गिधाडं जशी एका जागी घिरट्या घालत चढतात तसा पायलट चढतो. म्हणजे लांब उड्डाण हवं तर उशिरा जायचं आणि गचके सोसायचे. मऊ उड्डाण हवं तर सकाळी जायचं आणि बारा-पंधरा मिनिटांवर समाधान मानायचं. सकाळी आठला अर्धा तास विकणारा चुकतोच, पण त्याची चूक पायलटच्या माथी मारू नका. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा सकाळचंच घ्या.

मळमळ होते ती या घिरट्यांनी. उपाशी जाऊ नका, भरपेटही नको. दोन तास आधी टोस्ट, केळं एवढं पुरे. डोळे आपल्या पायांकडे न लावता दूर क्षितिजाकडे लावा, आणि पोटात ढवळलं की लगेच सांगा. पायलट सरळ मैदानाकडे वळवतो. लाजून गप्प बसलेलेच ओकतात.

मुलगी २३ वर्षांची, एकटी बीरला जायचं म्हणते. नाही म्हणवत नाही, हो म्हणवत नाही. काय बघून परवानगी द्यावी? (एक आई, कोल्हापूर)

ताई, गाव लहान आहे, बाहेरून आलेल्या एकट्या मुली तिथं नवीन नाहीत, आणि तिबेटी वसाहत, विहार, कॅफे यांमुळे दिवसभर वर्दळ असते. मुक्काम चौगानजवळ किंवा तिबेटी वसाहतीत, मुख्य रस्त्यावर घ्यायला सांगा. फोटोत फार देखणी दिसणारी, शेतातून पंधरा मिनिटं आत असलेली जागा पहिल्या खेपेला नको. गावात रात्री लवकर सामसूम होते, टॅक्सी मिळत नाही. बस सकाळी सहा-सातला पोहोचते आणि खोली बाराला मिळते, तेव्हा लवकर खोली द्याल का हे आधी फोनवर विचारून ठेवावं. फोन उचलणारा नीट बोलतो का, हेही कळतं.

बिलिंगहून खाली बीरला जंगलातून पायवाट आहे. ती एकटीनं उतरू नये, दुपारनंतर तर नाहीच. तिथल्या जंगलात काळी अस्वलं आहेत.

मुलीला रोज तीन वेळा फोन करायला लावण्यापेक्षा एकच गोष्ट मागा. वर जाण्याआधी पायलटचं नाव, दुकानाचा फोन आणि परवान्याचा फोटो, आणि खाली उतरल्यावर एक मेसेज. बिलिंगला रेंज येते-जाते, त्यामुळे मधले दोन तास फोन लागला नाही तर घाबरू नका, दुकानात करा. मदतीसाठी ११२. मोठा दवाखाना पालमपूरला, त्याहून मोठं सरकारी मेडिकल कॉलेज टांडा इथं. प्रवास विमा काढणार असाल तर साहसी खेळ त्यात धरलेत का ते वाचा. बऱ्याच साध्या पॉलिसींत ते वगळलेले असतात.

टँडम नको, मला स्वतः शिकायचंय. थेट बीरलाच कोर्स करू का? (एक वाचक, डोंबिवली)

कामशेतला करा. पुणे-लोणावळा लोकल थांबते, टेकड्या बुटक्या आहेत, ऑक्टोबर ते मे हंगाम, आणि हवा बिघडून दिवस गेला तर संध्याकाळी घरी. पहिले काही दिवस सपाटीवर छत्री डोक्यावर तोलण्यातच जातात, त्यासाठी हिमालय लागत नाही. बीरलाही शिकवतात, पण छोट्या टेकड्यांवर. बिलिंग ही नवशिक्याची जागा नाही. टेकऑफवर टँडमची रांग, हवेत गर्दी, दुपारी जोरकस थर्मल. आणि डोंगराच्या मागच्या बाजूला गेलात तर आडोशाची घुसळलेली हवा छत्री मिटवते.

उड्डाण झालंच नाही तर तिथं करायचं काय? जेवण शाकाहारी मिळेल ना? (एक वाचक, संभाजीनगर)

मिळेल. थुक्पा (नूडल्सचं सूप), मोमो, तिंग्मो (वाफवलेला पाव) सगळं शाकाहारीही असतं, फक्त थुक्प्याचं पाणी हाडांचं नाही ना, हे विचारा. रिकाम्या दिवशी शेराबलिंगचा विहार पाहा, पाइनच्या झाडीत आहे.

आणि बैजनाथ चुकवू नका. आपल्या परळीच्या वैजनाथाचा हा हिमालयातला नामबंधू. आहुक आणि मन्युक या दोन व्यापारी भावांनी बांधलेलं, १२०४ सालच्या शिलालेखाचं दगडी देऊळ. रावणानं इथं शिवाची आराधना केली अशी श्रद्धा असल्यामुळे बैजनाथमध्ये दसऱ्याला रावण जाळत नाहीत. देऊळ बसस्टँडच्या शेजारीच आहे. तेव्हा परतीच्या दिवशी सामान घेऊन दुपारीच या, सावकाश दर्शन घ्या आणि रात्रीची दिल्लीची बस तिथूनच पकडा. तिकीट काढताना चढायचं ठिकाण बीरऐवजी बैजनाथ टाका, नाहीतर बस तुम्हाला न घेता पुढे जाईल.