बोरू, मोबाइल आणि सहा मिनिटांचा धडा

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून गेली काही वर्षे दर रविवारी मोडी लिपीचा वर्ग घेते. परगावच्या विद्यार्थ्यांसाठी गेल्या पावसाळ्यात वर्गाचे दोन-दोन तासांचे बारा भाग मोबाइलवर चित्रित करून यूट्यूबवर ठेवले. पहिला भाग बऱ्याच जणांनी उघडला, चौथ्यानंतर मात्र कोणी फिरकले नाही. आता रीतसर सशुल्क अभ्यासक्रम करावा आणि त्यासाठी चांगला कॅमेरा घ्यावा, असे मुलाचे म्हणणे आहे. सुरुवात कोठून करावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कॅमेऱ्याचे पैसे तूर्त राखून ठेवावेत. आपण पाठविलेला चौथा भाग मी शेवटपर्यंत पाहिला. त्यातील पहिली नऊ मिनिटे हजेरी, मागील वर्गाची उजळणी आणि उशिरा आलेल्या एका गृहस्थांना जागा करून देण्यात जातात. त्यानंतर आपण फळ्यावर अक्षर लिहिता तेव्हा ते आपल्याच पाठीआड होते आणि आपण बाजूला होईपर्यंत पुरे झालेले असते. वर्गातल्या विद्यार्थ्याला याचे काही वाटत नाही, कारण तो मान वाकडी करून पाहतो किंवा पुन्हा विचारतो. घरी बसलेला विद्यार्थी यांपैकी काहीच करू शकत नाही.

हा आपल्या एकटीचा अनुभव नाही. फिलिप ग्वो, जूहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील चार अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो पाहण्याचा मध्यक काळ (ज्याच्या आतच निम्म्या वेळा पाहणे थांबते) सहा मिनिटांपलीकडे गेला नाही, आणि वर्गातील व्याख्यान चांगल्या दर्जाचे असले तरी त्याचे तुकडे करून ठेवल्यावर प्रेक्षक तितके गुंतत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणून आपले चोवीस तासांचे चित्रण कापून-जोडून अभ्यासक्रम होईल, ही आशा सोडावी.

सुरुवात शेवटापासून करावी. अभ्यासक्रम संपल्यावर विद्यार्थ्याला नेमके काय करता आले पाहिजे, ते एका वाक्यात लिहून काढावे. उदाहरणार्थ, ‘आंग्लकालीन खरेदीखताचे एक पान त्याला कोणाच्या मदतीशिवाय वाचता यावे.’ हे वाक्य ठरले की पुष्कळ गोष्टी आपोआप गळतात. आजोबा-पणजोबांच्या जमिनीची किंवा जन्म-मृत्यूची जुनी नोंद वाचण्यासाठी येणाऱ्याला बोरूने सुंदर लिहिता येण्याची फारशी गरज नसते. त्याला शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली ओळ कोठे तोडावी, ‘रा॥’ म्हणजे ‘राजश्री’ हे कसे ओळखावे आणि रुपये-आण्यांची चिन्हे कशी वाचावीत, ते हवे असते. ज्याला लिहावयाचे आहे त्याचा अभ्यासक्रम वेगळा. दोघांना एकत्र बसवल्यामुळेच आपला चौथा भाग, जो बराचसा बोरू तासण्यावर आहे, निम्म्या लोकांना परका वाटला असावा. (मला स्वतःला तो फार आवडला, पण मी गिऱ्हाईक नव्हे.)

मग प्रत्येक धड्याला एकच काम नेमून द्यावे आणि कागदावर मधोमध रेघ मारून संहिता लिहावी : डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय बोलणार. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात हीच पद्धत आहे. तेथे साधारण दहा मिनिटांच्या पाठासाठी आधी संहिता लिहून होते आणि विषय न जाणणाऱ्या व्यक्तीकडून ती तपासून घेतात. आपणही शेजारच्या एखाद्या मुलीला संहिता द्यावी आणि ती जेथे अडेल तेथे खूण करावी. सावकाश वाचताना माझे मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे सहा मिनिटांना सहाशे. आपली संहिता दोन हजार शब्दांची झाली, तर तो एक धडा नसून तीन आहेत. दर धड्याच्या शेवटी एका ओळीचे छायाचित्र वाचनासाठी द्यावे आणि त्याचे उत्तर पुढल्या धड्याच्या आरंभी सांगावे. कागद एखाद्या दप्तरखान्यातील असेल तर वापराची परवानगी घ्यावी, आणि कोणाच्या घरचा असेल तर नावे झाकावीत.

चित्रणात सर्वांत महत्त्वाचा आपला हात आहे. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढतात आणि तिच्याखाली अक्षरे लिहितात, देवनागरीच्या नेमके उलट. हे विद्यार्थ्याला तोंडी सांगून पटत नाही, दिसावे लागते. त्यासाठी मोबाइल स्टँडला लावून कागदाच्या बरोबर वर आडवा धरावा. आपण उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडणार नाही. चकचकीत कागद टाळावा. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड कायम करून घ्यावा, नाहीतर हात मध्ये आला की कागद कधी काळवंडतो, कधी पांढराफटक पडतो. सेल्फीच्या कॅमेऱ्याने लेखन टिपू नये. काही फोन चित्र उलटे साठवतात आणि अक्षरे आरशात पाहिल्यासारखी दिसतात. ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जेथे हे आपल्या हाताने ठरवता येते) शटरचा वेग १/५० सेकंद करावा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

खर्च करावयाचाच असेल तर कॉलर माइकवर करावा. खोलीत गाद्या, गोधड्या आणि पुस्तकांचे कपाट असले की आवाज घुमत नाही. पंखा मात्र बंदच हवा. प्रत्येक वेळी आधी अर्धा मिनिट ध्वनिमुद्रण करून ते इअरफोन लावून ऐकावे. माझ्या माइकची पिन एकदा पुरती बसली नव्हती आणि फोनने स्वतःच्याच माइकवर अकरा धडे मुद्रित केले. ते सगळे, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्यांसह, मला पुन्हा करावे लागले. चित्र आधी आणि आवाज नंतर, असे वेगवेगळे घेतले तर अशी चूक निस्तरणे सोपे जाते. संगणकावर आवाजाच्या संकलनासाठी ऑडॅसिटी आणि चित्राच्या संकलनासाठी ओपनशॉट ही विनामूल्य साधने पुरतात.

प्रश्न : व्हिडिओत शिक्षकाचा चेहरा दिसावा की नाही? मी मडगाव येथे लेखापालनाचे वर्ग घेतो आणि मला कॅमेऱ्यासमोर अवघडल्यासारखे होते.

उत्तर : अधूनमधून दिसावा. वर उल्लेखिलेल्या अभ्यासातही नुसत्या स्लाइड दाखविण्यापेक्षा मधूनमधून बोलणारा शिक्षक दाखविलेले व्हिडिओ अधिक पाहिले गेले. मात्र आपण जमाखर्चाची नोंद करून दाखवत असता तेव्हा कोपऱ्यातील आपला चेहरा काढून टाकावा, कारण विद्यार्थ्याची नजर त्या वेळी रकान्यावर असावयास हवी. धड्याच्या आरंभी अर्धा मिनिट समोर येऊन आज कोणती नोंद करावयाची आहे तेवढे सांगावे, आणि ते अर्धे मिनिट सर्व धड्यांसाठी एकाच बैठकीत चित्रित करावे. पाचव्या-सहाव्या धड्याशी आपले अवघडलेपण बरेच कमी झालेले असेल, तेव्हा पहिले दोन पुन्हा घ्यावेत.