छोट्या ऑफिसचं इंटिरियर: नागपुरात सुतार बोलावायच्या आधी

भाऊ, नागपूरच्या महाल भागात गच्चीखालची १० बाय १५ फुटांची खोली, दिवसा तुमचं टॅक्सचं काम, संध्याकाळी बहिणीची दहावीची शिकवणी, आणि हातात सव्वा लाख. सुतार म्हणतो एल आकाराचं फिक्स टेबल आणि पीओपीचं छत करा. माझं मत विचाराल तर दोन्ही नको.

मी स्वतः यात फसलोय. पार्टिकल बोर्डाचं टेबल भिंतीत ठोकून घेतलं, शेजारच्या खिडकीत कूलर. दोन उन्हाळ्यांत कडा पावासारख्या फुगल्या आणि सनमायका सुटला. काढायला गेलो तर प्लास्टरही सोबत आलं.

म्हणून पहिला खर्च उन्हावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, वरचा स्लॅब रात्रीपर्यंत आग ओकत राहतो. घरमालकाला विचारून होळीच्या आधी गच्चीवर चुन्याचे दोन हात मारून घ्या. एवढ्या स्वस्तात दुसरं काही इतकं काम करत नाही. कूलर खिडकीबाहेर स्टँडवर ठेवा आणि समोरची खिडकी वीतभर उघडी सोडा. हवा बाहेर गेली नाही तर नुसतं चिकचिक होते. फायलींचं लोखंडी कपाट कूलरच्या झोतात नको, कागद ओलसर होतात. पुढे कधी एसी लावाल, त्याची वेगळी लाइन बोर्डापासून आत्ताच ओढून घ्या. रंग झाल्यावर भिंत फोडणं जिवावर येते.

आता टेबल. लकडगंजच्या लाकूडबाजारात जाऊन ७ बाय ३ फुटांचे दोन फ्लश डोअर, म्हणजे सपाट तयार दारं, घ्या, वॉटरप्रूफ बघून. वेल्डरकडून ३० इंच उंचीच्या सुट्या लोखंडी फ्रेम करून घ्या आणि दारं त्यावर आडवी टाका. दिवसा एक भिंतीला लावून तुमचं टेबल, दुसऱ्यावर प्रिंटर अन् फायली. संध्याकाळी दोन्ही मध्ये ओढली की आठ-दहा पोरं सहज बसतात. भाड्याची जागा सोडाल तेव्हा सगळं टेम्पोत घालून नेता येईल. खुर्च्या एकावर एक रचता येतील अशा प्लास्टिकच्याच घ्या. तुमची एक मात्र चांगली घ्या, मार्च-एप्रिलमध्ये पाठच सांगेल का ते. फळा वेगळा कशाला? कपाटाच्या दारांवर पांढरा चकचकीत सनमायका चिकटवा, मार्करनं लिहा, पुसा. आधी तुकड्यावर लिहून बघा, काहींवर शाई बसून राहते.

रंग पांढरा किंवा फिकट. बाकी सजावटीचं मला कळत नाही, आणि टॅक्सचं काम घेऊन येणारा माणूस भिंतीकडे बघतच नाही.

हो, दाराबाहेर चपलांचा रॅक विसरू नका. माझ्याकडे पहिल्याच आठवड्यात जिन्यात बारा जोड पसरले आणि खालचे काका भांडायला वर आले होते.