गावातल्या एकमेव जलद चार्जरच्या भरवशावर इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

सावंतवाडीत भाड्याच्या सदनिकेत राहून, जवळच्या पंपावरील एकाच जलद चार्जरच्या भरवशावर इलेक्ट्रिक मोटार घ्यावी का, हा आपला प्रश्न वाचला. मीही सिंधुदुर्गातच राहतो आणि याच अडचणीतून गेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. एसी (घरगुती, संथ) आणि डीसी (जलद) चार्जिंगमधला फरक आणि सीसीएस-२ ही जोडणी (जलद चार्जरचा प्लग) आपल्याला ठाऊक असेल, असे धरून चालतो.

माझे स्पष्ट मत असे की गावात एकच जलद चार्जर असेल, तर तो नाहीच असे समजून गाडीचा विचार करावा. यंत्र बंद पडले की ते कोणी सुरू करायचे, हे जागेवर कोणालाच माहीत नसते. मला सर्वाधिक मनस्ताप झाला तो चार्जर चालवणाऱ्या एका कंपनीच्या मदत केंद्राचा; नाव लिहीत नाही. महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या आवारातला तिचा चार्जर ऐन पावसाळ्यात बंद होता आणि ॲपवर मात्र 'उपलब्ध' दिसत होता. हॉटेलवाले म्हणत, यंत्र आमचे नाही. मदत केंद्र प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक देऊन तंत्रज्ञ येईल असे सांगे. अखेर तंत्रज्ञ आला तेव्हा कळले की आणीबाणीचे लाल बटण कोणाकडून तरी दाबले गेले होते. त्याने ते फिरवून सोडले, यंत्र पुन्हा चालू केले आणि तो निघून गेला. 'लाल बटण दाबलेले आहे का' एवढा एक प्रश्न हॉटेलच्या व्यवस्थापकाला फोनवर विचारला असता, तर कित्येकांचा खोळंबा टळला असता. (कंपनीने सांगितल्याशिवाय आपण स्वतः मात्र त्या बटणाला हात लावू नये.) कंपनीच्या ॲपमधल्या वॉलेटमध्ये आगाऊ भरलेले पैसे अडकले ते वेगळेच, तेव्हापासून मी लागेल तेवढीच रक्कम भरतो.

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. उभारणीला पैसा मिळतो, तसा यंत्र महिन्यातून किती तास चालू होते याचा हिशेबही जाहीर व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

आपल्यासाठी खरा पर्याय म्हणजे पार्किंगमधला १५ अँपिअरचा सॉकेट. घरमालकाची लेखी संमती घ्या आणि आपल्याच मीटरवरून स्वतंत्र वायर व एमसीबी (भार वाढल्यास वीज आपोआप तोडणारा खटका) टाकून घ्या. गाडीसोबतचा साधा चार्जर सुमारे ३.३ किलोवॉटने भरतो, म्हणजे दहा तासांच्या रात्रीत तीसेक युनिट मिळतात. रोजच्या वापराला ते पुरेसे आहेत. मी वीजतंत्री नाही, पण अर्थिंग परवानाधारकाकडूनच तपासून घ्या, कारण ते सदोष असेल तर बहुतेक चार्जर चालूच होत नाहीत. एक्स्टेंशन बोर्ड तर अजिबात वापरू नका. खर्चाचाही फरक पडतो, कारण सार्वजनिक चार्जिंगच्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो.

सार्वजनिक चार्जर प्रवासापुरता ठेवा. बेळगावला जाताना आंबोलीचा चढ सुरुवातीलाच लागतो, तेव्हा गाडी रात्री घरीच भरून निघा. वाटेत थांबायचे ठिकाण निवडताना दोन यंत्रे असलेली जागा बघा आणि ॲपवरच्या हिरव्या खुणेपेक्षा प्लगशेअरवर (गाडीमालक आपले अनुभव नोंदवतात ते ॲप) तिथे शेवटची गाडी कधी भरली गेली, ती तारीख पाहा. पावसाळ्यात तर निघण्यापूर्वी तिथे फोन करून वीज आहे का, हेही विचारून घ्या.